पावसाच्या आत जुने पाइप बदला



मृग लागायला आता फार दिवस उरलेले नाहीत. एकदा पाऊस लागला, गटारं तुंबली, आवारात पाणी साचलं की इमारतीच्या जमिनीखालून गेलेला जुना लोखंडी पाइप त्या घाण पाण्यात बुडतो. त्याला कुठे बारीकसं जरी भोक असलं तरी ते पाणी तुमच्या टाकीत जाणार आणि टाकीतून तुमच्या घरात येणार. ज्यांची इमारत पंचवीस वर्षांहून जुनी आहे आणि ज्यांच्या पाण्याच्या लाइनी अजून मूळच्याच आहेत, त्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पावसाच्या आत आपली लाइन तपासून घ्या. ती गेलेली निघाली तर ठिगळं लावत बसू नका, बदलून टाका.

पाइपातून पाणी बाहेर गळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच भोकातून घाण आत येते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतं. आपल्या बहुतेक शहरांत नळाला चोवीस तास पाणी नसतं, ठरलेल्या वेळी येतं आणि ठरलेल्या वेळी जातं. पाणी चालू असताना पाइपात दाब असतो, म्हणून ते बाहेर झिरपतं. पाणी गेलं की दाबही जातो. पाइप रिकामा होताना आतल्या बाजूला ओढ लागते आणि पाइपाभोवती जे काही साचलेलं असेल ते आत खेचलं जातं. ड्रेनेजचं चेंबर पाण्याच्या लाइनीला खेटून असलेल्या कितीतरी इमारती मी पाहिल्या आहेत. गिरगाव, लालबाग, कुर्ल्याच्या जुन्या गल्ल्यांत तर पाण्याचे पाइप उघड्या गटाराच्या कडेने नाही, गटारातूनच गेलेले दिसतात. त्यात कोणी पाणी कमी येतं म्हणून लाइनीवर थेट मोटार बसवली असेल तर ही ओढ कितीतरी पटींनी वाढते. अशी मोटार लावणाऱ्या शेजाऱ्याला लगेच थांबवा, कारण तो स्वतःच्या घरापुरतं पाणी ओढत नसतो, साऱ्या इमारतीसाठी गटार ओढत असतो.

मुंबईचं उदाहरण घ्या. भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, विहार आणि तुळशी या सात तलावांचं पाणी मुख्यतः भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होतं, त्यात क्लोरिन मिसळतं आणि मग ते शहरात येतं. एवढा खटाटोप करून आलेलं पाणी शेवटच्या काही मीटरमध्ये, आपल्याच कुंपणाच्या आत, नासतं. मीटरच्या पुढची लाइन, जमिनीखालची टाकी, वर चढणारा पाइप, गच्चीवरची टाकी आणि तिथून घराघरांत उतरणाऱ्या लाइनी ही सगळी आपली जबाबदारी आहे. महापालिकेचा माणूस तिथे येणार नाही, आणि आला तरी तो तुम्हाला नोटीसच देईल.

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गिलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. ताठ चालणारी माणसं दोन-चार दिवसांत अंथरुणाला खिळली, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं, काही गेली. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय दूषित पाण्यावर गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस इंदूरच्या भागीरथपुऱ्यात पिण्याच्या लाइनीत मैलापाणी मिसळलं आणि माणसं दगावली. इंदूर हे स्वच्छतेत वर्षानुवर्षं देशात पहिलं आलेलं शहर आहे. या दोन्ही घटना मोठ्या होत्या, म्हणून त्यांची बातमी झाली. एका इमारतीतल्या चार घरांत कावीळ झाली, दोन पोरांना टायफॉइड झाला, तर बातमी होत नाही. बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल असं म्हणून आपण औषध आणतो आणि तोच नळ उघडून पेला भरतो. दूषित पाण्यातून येणारी हेपॅटायटिस ई ही कावीळ गरोदर बाईच्या जिवावर उठते, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. तुमच्या इमारतीत या घडीला गरोदर मुलगी असेल, तान्हं बाळ असेल. त्यांच्यासाठी तरी हे वाचून बाजूला ठेवू नका.

सत्तर, ऐंशी, नव्वदच्या दशकांत बांधलेल्या इमारतींत सर्रास जीआय पाइप वापरले गेले, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप. नवे असताना ते उत्तम असतात. जस्त हळूहळू झिजतं आणि मग लोखंड गंजतं. जिथे आटे पाडून सांधा केलेला असतो तिथे पाइपाची जाडी आधीच कमी झालेली असते, म्हणून पहिला सांधाच जातो. आत गंजाच्या गाठी वाढत जातात. कापून काढलेला अर्धा इंची पाइप कधी हातात घेऊन पाहा, आतून जेमतेम पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली दिसेल. त्या गाठींच्या आडोशाला जिवाणू राहतात आणि पाण्यातला क्लोरिन गंजच खाऊन टाकतो. बोअरिंगचं जड पाणी नळाच्या पाण्यात मिसळणाऱ्या इमारतींत क्षारांचा थर वेगळा. जुन्या प्लंबरांनी सांध्यांवर सुतळी गुंडाळून सफेदा लावलेला असतो, आणि सफेद्यात शिसं असतं. शिसं उकळून जात नाही.

‘आमच्याकडे फिल्टर आहे’ हे उत्तर मला हमखास मिळतं. फिल्टर स्वयंपाकघरातल्या एका नळाला असतो. दात घासायचं पाणी, चूळ भरायचं पाणी, कोथिंबीर धुवायचं पाणी, बाळाच्या अंघोळीचं पाणी कुठल्या नळाचं असतं?

त्याहून जड जाणारं उत्तर म्हणजे ‘रिडेव्हलपमेंट होणारच आहे, आता कशाला खर्च?’ मुंबई-ठाण्यात हे वाक्य ऐकलं नाही अशी सोसायटी सापडणार नाही. बिल्डर येतो, नकाशे दाखवतो, सभा होतात, दोन गट पडतात, कोणी कोर्टात जातं, आणि पाहता पाहता दहा वर्षं सरतात. या दहा वर्षांत लोक रोज तेच पाणी पितात. पुनर्विकास व्हायचा तेव्हा होवो, त्याची वाट पाहत पाण्याचं काम टाळणं म्हणजे पोरांच्या तब्येतीवर दिवस ढकलणं आहे. अशा इमारतींनी भिंती फोडून लाइन आत गाडायची गरजच नाही. बाहेरून, डक्टमधून, उघडी नवी लाइन टाका. खर्च कमी येतो, गळती लगेच दिसते आणि इमारत पाडायच्या दिवसापर्यंत पाणी स्वच्छ राहतं. दिसायला बरं नाही दिसत, हे मान्य. पण ज्या सोसायट्यांना बाहेरून रंग काढायला लाखो रुपये सापडतात, त्यांनी पाण्याच्या लाइनीला पैसे नाहीत असं म्हणू नये.

आता या आठवड्यात काय करायचं ते सांगते. सकाळी पाणी येताच पहिला तांब्या पांढऱ्या भांड्यात धरा. पाणी तांबूस आलं, तळाला कण बसले किंवा कुबट वास आला तर लाइन बोलते आहे असं समजा. पाणी चालू असताना सगळे नळ, टाकीचे व्हॉल्व्ह बंद करून मीटर बघा. काटा फिरत असेल तर कुठेतरी गळतंय. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी जातं. जमिनीखालच्या टाकीच्या भिंतींना तडे आहेत का, झाकण घट्ट बसतं का आणि ड्रेनेजचं चेंबर किती लांब आहे, हे सेक्रेटरींनी स्वतः वाकून बघावं, वॉचमनवर सोपवू नये. घराघरांतली ओल, पोपडे, बाथरूमच्या मागच्या भिंतीवरची बुरशी यांची नोंद करा. ही ओल नुसता रंग उडवत नाही, भिंतीतून स्लॅबच्या सळ्यांपर्यंत पोचते आणि सळई गंजून फुगली की काँक्रीट सुटतं.

आणि पाणी तपासून घ्या. गावोगावी आरोग्यसेवक करतात ती ओटी टेस्ट तुमच्या सोसायटीतही करता येते. पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरिन शिल्लक आहे. नळापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरायला हवा. मीटरपाशी पिवळा रंग येतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला येत नाही, तर दोष मधल्या वाटेत आहे, म्हणजे तुमच्या टाकीत किंवा तुमच्या पाइपांत. सोबत एक नमुना प्रयोगशाळेत द्या. पिण्याच्या शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय मुळीच सापडता कामा नये, भारतीय मानक तसं सांगतं. निकाल येईपर्यंत सगळ्यांनी पाणी खळखळ उकळून प्यावं. टाक्या धुऊन घ्याव्यात, पण टाकी धुतली म्हणजे लाइन धुतली असं मानू नये.

बदलायचं ठरलं तर तुकड्यातुकड्यांनी बदलू नका. जुन्या लाइनीत एका सांध्याला पान्हा लावला की पुढचा सांधा हलतो आणि पंधरा दिवसांनी तो गळतो. एक तुकडा नवा झाला की दाब सुधारतो आणि तो दाब शेजारच्या कुजक्या पाइपाला सोसत नाही. एम-सील आणि रबराची पट्टी हे रात्र काढायचे उपाय आहेत, वर्षं काढायचे नव्हेत. एका घराने आपल्यापुरतं बाथरूम नवं करून, चकचकीत टाइल्स बसवून काही साधत नाही, कारण गच्चीवरून उतरणारी लाइन तीच जुनी असते.

घरातल्या गरम-गार दोन्ही पाण्याला सीपीव्हीसी चालतो. पांढरा यूपीव्हीसी फक्त गार पाण्याचा, त्यातून गीझरचं पाणी नेऊ नका. पीपीआर तापवून जोडतात, त्याचे सांधे पक्के होतात, पण तो जोडणारा हात सवयीचा हवा. जमिनीखालून एचडीपीई टाका. गच्चीवर उन्हात असलेल्या प्लास्टिकच्या पाइपांना रंग द्या किंवा ते झाका. प्लास्टिकच्या पाइपांत शिशाचा वापर थांबवायला केंद्र सरकारने २०२१ साली नियम काढले आहेत, तेव्हा आयएसआयचा शिक्का आणि पिण्याच्या पाण्यासाठी असल्याचा उल्लेख पाहिल्याखेरीज पाइप उतरवून घेऊ नका, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी. पाण्याची लाइन आणि ड्रेनेजची लाइन लांब ठेवा, आणि जिथे एकमेकींना ओलांडायच्याच असतील तिथे पाण्याची वर हवी. प्रत्येक मजल्याला, प्रत्येक घराला वेगळा व्हॉल्व्ह ठेवा, म्हणजे पुढे एका घराच्या कामासाठी सगळी इमारत कोरडी ठेवावी लागणार नाही. भिंत बंद करायच्या आधी प्रेशर टेस्ट झालीच पाहिजे, आणि ती कमिटीच्या माणसासमोर झाली पाहिजे. घाईत टाइल्स बसवून टाकणारा ठेकेदार असेल तर त्याचं बिल अडवा. काम संपल्यावर सगळी लाइन क्लोरिनच्या पाण्याने धुऊन घ्या, आणि नव्या लाइनीचा नकाशा काढून सोसायटीच्या दप्तरी ठेवा.

पैशांचा प्रश्न खरा आहे, विशेषतः पेन्शनवर जगणाऱ्यांसाठी. पण गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी त्याची तजवीज करून ठेवली आहे. बाहेरच्या पाण्याच्या लाइनी, पंप आणि टाक्यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते, घराच्या आतलं काम सभासदाचं. दुरुस्ती निधी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के जमा व्हायला हवा. मोठ्या दुरुस्तीला सिंकिंग फंड वापरायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव आणि आर्किटेक्टचा दाखला लागतो. ज्यांनी इतकी वर्षं निधी जमवलाच नाही, त्यांनी हप्ते पाडावेत आणि ज्याला हप्ता जड जातो त्याला मुदत द्यावी. मात्र एका सभासदाच्या नकारापायी सगळं काम अडवू नये. वार्षिक सभा सप्टेंबरपर्यंत ढकलली जाते, तोवर पावसाळा संपत आलेला असेल. त्यासाठी थांबू नका, विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. तीस वर्षांपुढच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावंच लागतं. त्याच वेळी पाण्याच्या लाइनीही तपासायला सांगा.

चाळींतल्या आणि पागडीच्या इमारतींतल्या भाडेकरूंची अडचण वेगळी आहे. मालक लक्ष घालत नाही आणि भाडेकरू घाबरतो. मुंबईत उपकरप्राप्त इमारतीतल्या रहिवाशांनी म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि एकट्याने नाही, मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्यांनिशी द्यावा. पाणी तपासल्याचा अहवाल सोबत जोडला तर अर्ज बाजूला टाकणं कठीण जातं.

प्लंबर बंधूंनाही एक सांगायचं आहे. तुम्ही पाइप कापता तेव्हा आत काय आहे ते सर्वात आधी तुम्हालाच दिसतं. तो तुकडा भंगारात टाकण्याआधी घरमालकाच्या हातात द्या आणि लाइन गेली आहे हे स्पष्ट सांगा. तुमच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात.

हे पत्र वाचून झालं की आपल्या सेक्रेटरींना फोन करा आणि दोनच प्रश्न विचारा: आपल्या इमारतीची पाण्याची लाइन शेवटची कधी बदलली, आणि विशेष सभा कोणत्या तारखेला घेताय? तारीख मिळेपर्यंत विचारत राहा.