स्कोप बदलताना

कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरून पंचगंगेच्या काठावरचा शेकाट्या साध्या ८×४२ दुर्बिणीतूनही ओळखता येतो. त्याचे लांब गुलाबी पाय लपत नाहीत. पलीकडच्या चिखलातला पक्षी ठिपकेवाला तुतवार की हिरवा, हे मात्र पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत गेली आहे का, यावरून ठरते आणि त्यासाठी स्पॉटिंग स्कोप लागतो. जुना स्कोप बदलताना बहुतेकांची नजर ६० पटीच्या आकड्यावर जाते. खरा फरक पुढच्या भिंगात असतो. ८० मिमीचे भिंग ६५ मिमीच्या भिंगापेक्षा सुमारे दीडपट प्रकाश गोळा करते. तरीही २० पटीला डोळ्यापर्यंत येणारा ४ मिमीचा प्रकाशझोत ६० पटीला जेमतेम १.३ मिमी उरतो, म्हणून सकाळच्या धूसर उजेडात चित्र काळवंडते. दुसरा निकष ईडी काचेचा: पांढऱ्या बगळ्याच्या कडेला दिसणारी जांभळट किनार ती बरीच कमी करते. स्कोपला मोबाइल जोडून फोटो काढायचे, म्हणजे डिजिस्कोपिंग करायचे, तर नेत्रिकेवर घट्ट बसणारा अडॅप्टर हवा. कॅमेरा केंद्रापासून जरा सरकला तरी फोटोचे कोपरे काळे पडतात. झूम २० ते ३० पटीतच ठेवावा आणि बटण दाबताना हादरा बसू नये म्हणून टायमर लावावा. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागते. तिच्यापुढे महागडी काचही हतबल ठरते. बजेट मर्यादित असेल, तर आधी भक्कम ट्रायपॉड घ्यावा, स्कोप नंतर.