पाचव्या वर्षीची बॅटरी



गेल्या डिसेंबरच्या भारतवारीत एका खेड्यातल्या शाळेत गेलो होतो. इथल्याच काही मित्रांनी वर्गणी काढून तिथे सौरदिवे बसवले होते. छपरावर पॅनेल जागच्या जागी होते, भिंतीवर देणगीदारांच्या नावांची पाटीही होती. बटण दाबले, तर दिवा लागेना. "बॅटरी गेली साहेब, दोन वर्षं झाली," गुरुजी संकोचून म्हणाले. नवी घ्यायला पैसे नव्हते आणि दुरुस्त करणारा माणूस जवळपास नव्हता.

संकोच खरे तर आम्हाला वाटायला हवा होता. पॅनेल २५ वर्षे टिकते. साधी लेड-ॲसिड बॅटरी मात्र जेमतेम ३ ते ५ वर्षे चालते, तीही वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर घातले तर. आम्ही उद्घाटनाचा खर्च केला, पाचव्या वर्षाचा हिशेब केलाच नाही.

मोठ्या प्रकल्पांचेही असे होते. बिहारमधल्या धरनई गावात २०१४ साली १०० किलोवॅटचा सौर प्रकल्प गाजावाजा करून सुरू झाला. काही वर्षांतच बॅटऱ्या संपल्या, दरम्यान सरकारी तारेची वीज स्वस्तात मिळू लागली आणि प्रकल्प बंद पडला.

याउलट कर्नाटकात हरीश हंदे यांनी सहकाऱ्यांसह १९९५ साली 'सेल्को' सुरू केली. त्यांनी सौरयंत्रणा फुकट वाटली नाही. बँकेचे कर्ज मिळवून दिले, गिऱ्हाइकाच्या कमाईला झेपेल असा हप्ता ठरवला आणि दुरुस्तीची केंद्रे गावांजवळ नेली. २०११ साली हंदे यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने तर लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांना सौरदिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवले. दुरुस्ती गावातच होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

महाराष्ट्रात शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. ते काम सरकारी ताकदीचे आहे. आपल्यासारख्यांना वाव आहे तो शाळा, वसतिगृह, आरोग्य उपकेंद्र अशा ठिकाणी, जिथे तार पोचली आहे पण ऐन वेळी वीज असेलच असे नाही.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. सौरदिव्यांसाठी चेक लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न विचारूया. गावाचा स्वतःचा वाटा किती? बिघाड झाला तर कोण येणार? पुढच्या बॅटरीचे पैसे कुठे ठेवले आहेत? जमलेल्या निधीचा तिसरा हिस्सा गावाच्या खात्यात देखभालीसाठी राखून ठेवावा आणि गावातल्याच एखाद्या मुलीला किंवा मुलाला हे काम शिकवावे. दहा शाळांऐवजी सहाच होतील, हे मान्य. पण त्या सहा शाळांत सहाव्या वर्षीही उजेड असेल.

त्या शाळेची बॅटरी आम्ही बदलतो आहोत. या वेळी पाटी लावणार नाही.

आपला,
संपादक