बुश ग्राहकाचा, निदान आपले

गिअरचा लिव्हर सैल झाला, रिव्हर्स पडेनासा झाला, दुसरा म्हणून ओढला आणि चौथा पडला, की गाडीमालक पूर्वी सरळ गॅरेज गाठत असे. आता तो आधी मोबाइलवर व्हिडिओ पाहतो, लिंकेजच्या बुशांचा किट घरपोच मागवतो आणि रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी जॅकवर घेतो. आपल्या व्यवसायात याबद्दल नाराजी आहे. हातचे काम गेलेच, वर उद्या बिघडले तर निस्तरायला आपल्याकडेच येणार, असा तिचा सूर. आमच्या मते ही नाराजी भलत्याच जागी खर्च होते आहे. जुना बुश काढून नवा बसवणे हा या कामातला सर्वांत कमी कसबाचा भाग आहे. मालकाला तो घरी करायचा असेल तर करू द्यावा, जमल्यास बुशही आपणच विकावा. दोष बुशात आहे, क्लचमध्ये आहे की गिअरबॉक्सच्या पोटात, हे ठरवणे मात्र आपले काम. त्याचे पैसे घ्यायला हवेत, आणि नेमके तेच आपण वर्षानुवर्षे फुकट करत आलो आहोत.

मारुती ८०० चे उदाहरण घेऊ. डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत बनलेली ही गाडी माहीत नाही असा मिस्त्री राज्यात सापडणे कठीण. इंजिन आडवे, गिअरबॉक्स त्याच्या टोकाला आणि लिव्हर दोन सीटच्या मध्ये. हे अंतर दोन दांडे जोडतात. पहिला कंट्रोल शाफ्ट. तो मागेपुढे सरकून गिअर टाकतो आणि स्वतःभोवती फिरून कोणत्या जोडीतला गिअर घ्यायचा ते निवडतो. दुसरा एक्स्टेन्शन रॉड. तो काहीच निवडत नाही. लिव्हरची बैठक गिअरबॉक्सच्या अंगाशी बांधून ठेवतो, बस्स. बुश म्हटले की लक्ष पहिल्या दांड्याकडे जाते आणि दुसरा तसाच राहतो. पण रबरी माउंटिंगवरचे इंजिन ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की डुलते. लिव्हर निव्वळ बॉडीला बांधलेला असता, तर प्रत्येक डुलण्याबरोबर गिअर ओढला किंवा ढकलला गेला असता. एक्स्टेन्शन रॉडमुळे लिव्हर इंजिनाबरोबर हलतो आणि हा ताण येत नाही. त्या रॉडचा बुश खाल्ला गेला की उतारावर पाय उचलताच गिअर निसटू लागतो आणि मालकाला सांगितले जाते, बॉक्स उतरवावा लागेल.

झीज इतकी उशिरा का लक्षात येते, याचे उत्तर साध्या गणितात आहे. लिव्हरचा वरचा हात खालच्या हाताच्या पाचपट लांब धरू. खालच्या एका सांध्यातला अर्धा मिलिमीटर खेळ मुठीपाशी अडीच मिलिमीटर होतो. असे चार सांधे प्रत्येकी अर्ध्या मिलिमीटरने झिजले, तर मुठीपाशी एक सेंटिमीटर. गाडीखाली जाऊन एकेक सांधा हाताने हलवून पाहणाऱ्याला प्रत्येक सांधा 'अजून चालेल' असाच वाटतो, आणि त्याचे चूकही नसते. म्हणून लिंकेजमध्ये एकच बुश बदलून गिऱ्हाइकाला वाटेला लावण्यात अर्थ नाही. बदलायचे तर सगळे एकदम. घरी काम करणारा मालक नकळत हेच करतो, कारण त्याने किट घेतलेला असतो. आपण मात्र सर्वांत जास्त हलणारा तेवढा बदलतो आणि तीन महिन्यांनी तीच गाडी पुन्हा दारात पाहतो.

इथे जुना जाणता मिस्त्री एक रास्त शंका काढेल. गिअरबॉक्सच्या आत सिलेक्टर शाफ्टवर स्प्रिंगच्या जोराने दाबली जाणारी गोळी असते. शाफ्टवरची खाच समोर आली की ती आत बसते आणि गिअर पुरता ओढून घेते. मग बाहेर थोडा खेळ असला तर आतले काय बिघडणार? लिव्हर डुलेल, मालक कुरकुरेल, एवढेच. शंका निम्मी खरी आहे. गोळीची मदत दोन खाचांमधला उंचवटा ओलांडल्यावरच मिळते. लिव्हरचा एकूण प्रवास ठरलेला असतो. त्याचा बराच हिस्सा सैलपणा भरून काढण्यातच गेला, तर शाफ्ट उंचवट्याच्या अलीकडे अडू शकतो. गिअर लागल्यासारखा वाटतो, पण स्लीव्हने डॉगचे दात पूर्ण लांबीने पकडलेले नसतात. सगळा भार दातांच्या टोकांवर येतो आणि टोके गोलावत जातात. एकदा ती गोलावली की नवे बुश घालूनही गिअर निसटतोच. मग स्लीव्ह आणि गिअर बदलावे लागतात, आणि त्या बिलापुढे बुशांची किंमत चहापाण्याच्या खर्चाइतकी ठरते. आत आधीच बिघडलेला बॉक्स असतो, तसा बाहेरून बिघडवलेलाही असतो. दोन्हींत फरक करता येणे हाच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे.

तो फरक करायला यंत्रे लागत नाहीत. इंजिन बंद असताना सगळे गिअर सुरळीत पडतात आणि चालू केल्यावर अडतात किंवा करकरतात, तर आधी क्लचकडे पाहा. तो पुरता सुटत नसण्याची शक्यता जास्त. इंजिन बंद असतानाही गिअर सापडत नसेल, तर एकाने लिव्हर सावकाश हलवावा आणि दुसऱ्याने खालून दांड्यांकडे पाहावे. लिव्हर हलला पण शाफ्ट हलायला उशीर झाला, तो उशीर कोणत्या सांध्यात जिरला ते डोळ्यांना दिसते. शेवटची आणि सर्वांत बोलकी चाचणी म्हणजे लिंकेज बॉक्सपासून सोडवायचे आणि सिलेक्टर शाफ्ट थेट हाताने फिरवून-सरकवून प्रत्येक गिअर टाकून पाहायचा. प्रत्येक जागी स्वच्छ 'टक' लागली तर बॉक्स खाली उतरवण्याचे कारण उरत नाही. तरीही थेट क्लच प्लेट बदलण्याचा किंवा बॉक्स उघडण्याचा सल्ला देणारी गॅरेजे आहेत, हे आपण सगळे जाणतो. पद्मिनी आणि ॲम्बेसेडरच्या स्टिअरिंगवरच्या गिअरांवर ज्यांचा हात बसला, त्यांना हे शिकवावे लागत नसे. तिथे दांडे इतके लांबून फिरून येत की दोष प्रथम सांध्यातच शोधायचा, ही सवय अंगात मुरायची. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून संपली. ती सवय मात्र तिच्याआधीच हरवली असावी.

आता प्रत्यक्ष बदलण्याच्या कामाकडे. ते घरी होण्यासारखे आहे, असे आम्ही म्हणतो ते विचार करूनच. केबलवर चालणाऱ्या अनेक नव्या गाड्यांत गिअरबॉक्सकडची टोके वरच्या बाजूने, एअर फिल्टरचा डबा हटवला की हाती येतात. गाडीखाली जावेच लागत नाही. दांड्यांच्या गाडीत मात्र जावे लागते आणि तिथे आमचा आग्रह कडक आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, मालकानेही आणि आपल्या पोऱ्यानेही, शिरू नये. पक्के स्टँड आणि चाकांना अडण हवीच. बुश विकताना हे काउंटरवर बजावून सांगावे. बाकी काम धीराचे आहे. क्लँप ढिला करण्याआधी दांड्यावर खूण करावी, नाहीतर नवे बुश बसूनही लिव्हर तिरपा राहतो. नायलॉनचा बुश काही मिनिटे गरम पाण्यात ठेवला की नरमतो आणि हातोडीऐवजी शिकंज्याच्या दाबाने जागेवर जातो. रबरी बुशाला खनिज तेलाचे ग्रीस लावू नये, त्याने अनेक जातींचे रबर फुगते. तिथे सिलिकॉन ग्रीस बरे.

यातली एक गोष्ट व्हिडिओत सहसा येत नाही, ती म्हणजे पिन. बुशात फिरणारी लोखंडी पिन खाचली किंवा अंडाकृती झाली असेल, तर नवा बुश थोड्याच दिवसांत जुन्यासारखा होतो आणि मालक किटला शिव्या देतो. आपल्याकडचे लेथवरचे उपाय याच ठिकाणी अंगाशी येतात. पितळेचा बुश कायमचा टिकतो म्हणून कातून घालणारे पुष्कळ आहेत. पितळ टिकतेही, पण ग्रीस वाळले आणि धूळ शिरली की झीज पिनेवर जाते, शिवाय इंजिनाचा थरथराट थेट मुठीत येतो. कंपनीने तिथे प्लॅस्टिक घातले ते काटकसरीसाठी म्हणून सोडून देणे सोपे आहे. काटकसर त्यात आहेच. पण स्वस्त तुकडा झिजावा आणि महाग तुकडा वाचावा, हाही हिशेब त्यात आहे. निवड असेल तर आम्ही नायलॉनपेक्षा ॲसिटालचा बुश सुचवू. ते नायलॉनच्या मानाने फारच कमी ओलावा धरते, त्यामुळे पावसाळ्यात माप बदलत नाही.

ओलाव्याचा मुद्दा किरकोळ समजू नये. फोर्डने जून २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे २९ लाख गाड्या परत बोलावल्या, त्या याच जातीच्या एका तुकड्यासाठी. ऑटोमॅटिक गिअरच्या केबलला ट्रान्समिशनशी जोडणारा बुश खराब होऊन निसटू शकत होता, आणि उष्णता व दमटपणा यांनी त्या पदार्थाचे विघटन होण्यास हातभार लागू शकतो, असे कारण नोंदवले गेले. उपाय म्हणून नवा बुश आणि त्यावर संरक्षक टोपी. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या हवेत काम करणाऱ्यांना उष्णता आणि दमटपणा वेगळे समजावून सांगायला नको. या प्रकरणातला खरा धोका मात्र दुसराच होता. चालक लिव्हर 'पार्क'मध्ये टाकतो, समोर तसे दिसतेही, आणि आत ट्रान्समिशन भलत्याच गिअरमध्ये असते. हँडब्रेक ओढलेला नसेल तर गाडी घरंगळते. म्हणून आमच्या सूटीला इथे सीमा आहे. हाताच्या गिअरच्या गाडीत बिघडलेला बुश चालकाला आधी त्रास देतो, म्हणजे सावध करतो. ऑटोमॅटिकमध्ये तो सावध करेलच असे नाही. ते काम गॅरेजमध्येच व्हावे, आणि गाडी सोडण्यापूर्वी प्रत्येक जागेवर लिव्हर ठेवून ट्रान्समिशनही त्याच जागी आहे ना, हे तपासले जावे.

राहिला पोटापाण्याचा प्रश्न, आणि तो खरा आहे. लहान गॅरेज अशाच छोट्या कामांवर दिवस काढते. तीच घरी होऊ लागली तर भाडे कशातून द्यायचे? पण बुश बदलण्याच्या मजुरीत मिळतेच किती, हेही विचारायला हवे. रॅम्प अडतो, एक माणूस अडतो आणि गिऱ्हाइकाला 'प्लॅस्टिकच्या तुकड्याला एवढे?' असे वाटतेच. उलट वीस मिनिटांत वरच्या तिन्ही चाचण्या करून लेखी दिलेले निदान त्याचा हजारोंचा बॉक्सचा खर्च वाचवते, आणि ते त्याला कोणत्याही व्हिडिओत मिळत नाही. जॉब कार्डावर त्यासाठी वेगळी ओळ हवी: मुठीपाशी खेळ किती मिलिमीटर, कोणत्या सांध्यात, पिनेची स्थिती, सिलेक्टर हाताने साफ चालतो की नाही, क्लच पुरता सुटतो की नाही. दर ज्याने-त्याने आपल्या गावाप्रमाणे ठरवावा. पुढचे काम आपल्याकडे दिले तर तपासणीची रक्कम बिलातून वजा करण्याची आपली जुनी रीत मात्र थांबवावी. ती वजा करून आपणच गिऱ्हाइकाला शिकवतो की तपासणीची किंमत शून्य आहे. मग बुश घरी बसवणारा मालक तेवढ्यासाठी पैसे द्यायला का तयार होईल?