ध्येयवादाची दलाली

‘साखर लॉबी’, ‘बिल्डर लॉबी’ हे शब्द मराठी वाचकाच्या चांगल्याच परिचयाचे आहेत. आपल्याकडे हे काम पडद्याआड चालते. अमेरिकेत तो राजरोस व्यवसाय आहे. अशिलाकडून शुल्क घ्यायचे आणि कायदे करणाऱ्यांपुढे त्याची बाजू मांडायची, हे लॉबिस्टचे काम. १९९५ च्या कायद्याने त्याला नोंदणी करावी लागते. या व्यवसायाला काळिमा फासणारा जॅक अब्रामॉफ हा मुळात दलाल नव्हता, तो कार्यकर्ता होता. म्हणूनच त्याच्या कारकिर्दीचा विचार आपण केला पाहिजे.

१९८० मध्ये विद्यार्थिदशेतच त्याने रेगन यांच्या प्रचारासाठी मॅसॅच्युसेट्समधील महाविद्यालयीन तरुण संघटित केले. १९८१ मध्ये तो ‘कॉलेज रिपब्लिकन्स’ या विद्यार्थी संघटनेचा राष्ट्रीय अध्यक्ष झाला. साम्यवादाला कडवा विरोध हा तेव्हा त्याचा बाणा होता. राल्फ रीड हे त्याचे त्या काळातील सहकारी. पुढे ते ‘ख्रिश्चन कोअ‍ॅलिशन’चे नेते झाले. १९९४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला दोन्ही सभागृहांत बहुमत मिळाले आणि अब्रामॉफ लॉबिस्ट झाला. जुन्या सहकाऱ्यांचा विश्वास, हेच त्याचे भांडवल!

त्याचा विनियोग कसा झाला, हे टेक्सासमधील टिग्वा या आदिवासी जमातीच्या अनुभवावरून कळते. या जमातीचे जुगारगृह बंद व्हावे म्हणून रीड यांनी धर्मनिष्ठ ख्रिस्ती समाजात मोहीम चालविली. तिचा पैसा अब्रामॉफमार्फत आला होता, आणि तो होता स्वतःचे जुगारगृह चालविणाऱ्या लुइझियानातील कुशट्टा जमातीचा! हा पैसा जुगाराच्या उत्पन्नातला नाही, असे आपल्याला सांगण्यात आले होते, असे रीड यांचे म्हणणे. २००२ मध्ये टिग्वांचे जुगारगृह बंद पडताच तोच अब्रामॉफ, ते पुन्हा उघडून देतो, असे सांगत त्यांच्या दारी गेला. टिग्वांनी त्याच्या साथीदाराच्या कंपनीस ४२ लाख डॉलर मोजले. जुगारगृह उघडले नाही. सश्रद्ध माणसांची तळमळ मात्र विकली गेली.

२००६ मध्ये अब्रामॉफने गुन्हा कबूल केला आणि पुढे कारावास भोगला. या प्रकरणानंतर २००७ मध्ये कायदा कठोर झाला. २०२० मध्ये त्याच सुधारित कायद्याखाली त्याने पुन्हा गुन्हा कबूल केला!

आपल्याकडे तर असा कायदाच नाही. भारतीय बाजारपेठेत प्रवेश मिळावा यासह विविध विषयांवर वॉलमार्टने केलेला लॉबिंगचा खर्च २०१२ मध्ये आपल्या संसदेत गाजला, तो अमेरिकेतील नोंदींमुळे. दिल्लीत कोण कोणासाठी शब्द टाकतो, याची अशी नोंद आपल्याकडे कोठे आहे? असा कायदा व्हायला हवा, आणि ज्यांचे हात स्वच्छ आहेत त्यांनीच त्यासाठी आग्रह धरायला हवा.

परंतु कायदा हिशेब तपासतो, मन तपासत नाही. विरोधाच्या काळात कार्यकर्त्याकडे कोणी फिरकत नाही. सत्ता आली की त्याच्या ओळखीला भाव येतो. ‘साहेबांना एक शब्द टाका’ ही विनंती पहिल्यांदा स्नेहापोटी येते, दुसऱ्यांदा ती पाकीट घेऊन येते. विचारासाठी जोडलेली माणसे ही समाजाची ठेव आहे. त्या ठेवीवर स्वतःसाठी व्याज खाणे ज्या दिवशी सुरू होते, त्या दिवशी कार्यकर्ता संपतो आणि दलाल उरतो.