तेहतीस नंबरची जर्सी

मा. अ‍ॅडम सिल्व्हर,
आयुक्त, एनबीए, न्यूयॉर्क यांस



४ ऑक्टोबर २०१९ ची संध्याकाळ तुमच्या लक्षात असेल. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांचा सामना होता. एनबीएचे संघ भारतात पहिल्यांदाच खेळत होते आणि पहिला दिवस तुम्ही सुमारे तीन हजार शाळकरी मुलांसाठी राखून ठेवला होता. त्यातली अकरा माझी. मी मुंबईत मुलांना बास्केटबॉल शिकवतो. आमचं कोर्ट उघड्यावरचं, पावसाळ्यात शेवाळतं, आणि दोनपैकी एका रिंगला जाळी नसते. अशा मुलांनी त्या दिवशी चकचकीत लाकडी कोर्ट पाहिलं. सामना जादा वेळेत गेला, इंडियानाने तो १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला आणि परतताना बसमध्ये सगळ्यांचे घसे बसले होते.

एकच पोरगा गप्प होता. बारा वर्षांचा, वर्गात सगळ्यांत उंच. उंच मुलाचं आपण जे करतो तेच मी केलं होतं, रिंगखाली नेऊन उभा केला होता. हाजीअली गेल्यावर तो म्हणाला, ‘सर, तो तेहतीस नंबर सेंटर आहे ना? मग तो लांबून कसा मारतो?’ तेहतीस नंबर म्हणजे इंडियानाचा माइल्स टर्नर. दुसऱ्या दिवसापासून हा पोरगा तीन गुणांच्या रेषेबाहेर उभा राहून रिंगवर चेंडू मारू लागला. मीही त्याला अडवणं सोडलं.

२३ जून २०२५ रोजी पहाटे साडेपाचला आम्ही दोघे माझ्या घरी टीव्हीसमोर होतो. त्याला अठरावं सरलेलं, बाहेर पाऊस, हातात चहा. अंतिम मालिकेचा सातवा सामना. पहिल्याच पावात इंडियानाचा टायरीस हॅलिबर्टन कोसळला. टाचेमागची शीर तुटली होती. इंडियाना तरीही बराच वेळ झुंजली आणि शेवटी ओक्लाहोमा सिटीने १०३-९१ ने बाजी मारली. पोरगा उठून गॅलरीत गेला. आठ दिवसांनी बातमी आली की टर्नर मिल्वॉकीला चालला. दहा हंगाम एकाच संघात काढलेला माणूस, अंतिम मालिका हरल्यावर आठवड्याभरात बाहेर. त्या संध्याकाळी कोर्टवर पोराने मला विचारलं, ‘सर, एवढ्या जवळ आलेला संघ कुणी मोडतं का?’

साहेब, माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हे पत्र.

आधी प्लेऑफचं बोलतो, कारण पगाराचा वाद तिथूनच समजतो. साखळीत ८२ सामने; रोज नवा प्रतिस्पर्धी, कच्चे दुवे झाकले जातात. प्लेऑफमध्ये त्याच संघाशी सातपर्यंत सामने. तिसऱ्या सामन्यापर्यंत दोन्ही प्रशिक्षकांना एकमेकांचं सगळं पाठ झालेलं असतं. मग सुरू होते शिकार. समोरच्या पाचांत ज्याचा बचाव कच्चा, तो ज्याला धरून उभा असतो त्याला स्क्रीन लावायला बोलवायचं, अदलाबदल करायला भाग पाडायचं आणि आपला हुकमी खेळाडू त्या कच्च्या माणसासमोर आणून सोडायचा. आमच्याकडे कबड्डीत चढाई करणारा कच्चा कोपरा हेरतो, तेच हे. त्यामुळे प्लेऑफमध्ये तुमचा पहिला खेळाडू किती मोठा आहे यापेक्षा तुमचा सातवा किती कच्चा आहे, याला महत्त्व येतं.

२०२५ चाच दाखला घ्या. डेन्व्हरविरुद्धच्या मालिकेच्या सातव्या सामन्यात ओक्लाहोमाने निकोला योकिचवर अ‍ॅलेक्स करूसोला सोडलं. योकिच सहा फूट अकरा इंच, करूसो सहा फूट पाच. कागदावर हा वेडेपणा. पण करूसो योकिचच्या मागे राहण्याऐवजी पुढे उभा राहिला, म्हणजे चेंडू त्याच्यापर्यंत पोचणंच अवघड. वरून उंच पास टाकावा, तर मागे चेट होल्मग्रेन हात पसरून तयार. निकाल १२५-९३. त्या हंगामात योकिचचा पगार पाच कोटी डॉलरच्या वर, करूसोचा एक कोटीच्या जरासा आत.

किंवा अंतिम मालिकेचा तिसरा सामना. इंडियानाचा टी. जे. मॅकॉनेल, उंची जेमतेम सहा फूट एक इंच, बाकावरून आला आणि १० गुण, ५ असिस्ट, ५ स्टील करून गेला. बास्केट झाल्यावर रेषेबाहेरून चेंडू आत देताना समोरचे दोन क्षण गाफील असतात; हा नेमका तिथे दबा धरून बसायचा. आमची मुलं आठवडाभर तेच करत होती, मला एक पास धड देता येईना. करूसो आणि मॅकॉनेल, दोघांनाही नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये कुणी निवडलं नव्हतं.

आता पगार. आमच्या कोर्टशेजारच्या टपरीवर हा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: ‘चेंडू टोपलीत टाकायचे एवढे पैसे?’ मी त्यांना सांगतो, पैसा आकाशातून पडत नाही. २०२५-२६ पासून सुरू झालेला तुमचा प्रसारणाचा करार अकरा वर्षांचा आणि सुमारे ७,६०० कोटी डॉलरचा. बोस्टन सेल्टिक्सचा सौदा ६१० कोटी डॉलरला ठरला, लेकर्सचं मोल सुमारे १,००० कोटी डॉलर धरलं गेलं. मालकाने एवढे का कमावले, असं टपरीवर कुणी विचारत नाही. खेळाडू डोळ्यांसमोर घाम गाळतो, म्हणून त्याचाच पगार डोळ्यांत खुपतो.

उलट, तुमच्या अव्वल खेळाडूंना नियमानेच कमी मिळतं. १९९७-९८ मध्ये संघाची पगारमर्यादा २ कोटी ६९ लाख डॉलर होती आणि एकट्या मायकल जॉर्डनचा पगार ३ कोटी ३१ लाख. मग मालकांनी टाळेबंदी केली, १९९८-९९ चा हंगाम ५० सामन्यांवर आला आणि नव्या करारात प्रत्येक खेळाडूच्या पगारालाच छत बसलं. आज ते छत अनुभवानुसार मर्यादेच्या २५, ३० किंवा ३५ टक्क्यांवर आहे. शिवाय उत्पन्नातला सुमारे ५१ टक्के वाटा खेळाडूंचा हे ठरलेलं, आणि हिशेब चुकू नये म्हणून पगाराचा काही भाग आधीच कापून बाजूला ठेवला जातो. म्हणजे खेळाडूंचा एकूण घास ठरलेलाच आहे. ‘किती द्यायचं’ हा वाद कधीच संपला. खरा वाद आहे तो त्या घासाची वाटणी कशी करायची आणि नियम कुणाला पंगतीतून उठवतो, याचा.

इथे तुमचा ‘सेकंड एप्रन’ येतो. वाचकांसाठी सांगतो: खेळाडूंबरोबरच्या २०२३ च्या करारात पगारमर्यादा आणि लक्झरी टॅक्स यांच्याही वर ही आणखी एक रेषा आली. २०२५-२६ साठी मर्यादा सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर, तर ही रेषा सुमारे २० कोटी ७८ लाखांवर. ती ओलांडली की कर तर जबर बसतोच, वर हातपायही बांधले जातात. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, मर्यादेबाहेरची सवलत वापरून बाहेरचा खेळाडू घेता येत नाही आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट हक्क गोठतो.

हेतू चांगला आहे, नाकारत नाही. गडगंज मालकाने थैली ओतून संघ विकत घेऊ नये. पण या नियमाच्या पाठीराख्यांचा एक दावा मला पटत नाही. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सात वेगळे विजेते झाले, हे ते एप्रनचं यश म्हणून सांगतात. मोजून पाहा. टोरंटो, लेकर्स, मिल्वॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर हे पाचही विजेते नवा करार लागू होण्याआधीचे. म्हणजे कोंबडा आरवला २०२३ मध्ये, पण उजाडलं होतं त्याच्या बरंच आधी.

आणि मार कुणाला बसला? फिनिक्सने ड्युरँट आणि बील बाहेरून आणून पैशाच्या जोरावर संघ उभा केला. २०२४ मध्ये पहिल्याच फेरीत ०-४ ने हरला, पुढच्या वर्षी प्लेऑफच हुकली. त्यांच्यासाठी एप्रनची गरजच नव्हती, त्यांच्या चुकांनीच त्यांचा निकाल लावला. बोस्टनचं उलट. जेलन ब्राउनला त्यांनी २०१६ मध्ये ड्राफ्टमधून घेतलं, जेसन टेटमला २०१७ मध्ये. दोघांना वाढवलं आणि २०२४ मध्ये अठरावं विजेतेपद मिळवलं. पुढच्या मे महिन्यात टेटमचीही टाचेची शीर तुटली, आणि तोवर पगार आणि कर मिळून आकडा ५० कोटी डॉलरच्या घरात जाणार हे दिसत होतं. मग ब्राउन-टेटमला हात न लावता बाकीचे गेले: ज्रू हॉलिडे, क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस. डेन्व्हरमध्ये विजेतेपदानंतर आधी ब्रूस ब्राउन गेला, मग केंटेव्हियस कॉल्डवेल-पोप. स्वतः मळा पिकवणारा आणि बाजारातून आणलेल्या भाजीवर मिरवणारा, दोघांना एकाच मापाने मोजायचं, याला आमच्याकडे सगळे घोडे बारा टक्के म्हणतात.

नीट पाहिलं तर जाणारे सगळे एकाच जातकुळीचे आहेत. पहिल्या दोन खेळाडूंचा पगार छतापर्यंत, तो ठरलेला. शेवटचे पाच-सहा किमान पगारावर, ते स्वस्त. मग वाचवायचं कुठून? मधल्यांतून. आणि प्लेऑफ जिंकून देतात ते नेमके हेच मधले. करूसो स्वतः लेकर्सकडून विजेता होऊनही २०२१ मध्ये शिकागोला गेला, चार वर्षांच्या ३ कोटी ७० लाखांसाठी; एवढी रक्कमही लेकर्सला जड झाली.

टर्नरचं प्रकरण थोडं वेगळं आहे, प्रामाणिकपणे सांगतो. इंडियानाला अडवणारी रेषा एप्रनची नव्हती, तिच्याखालच्या लक्झरी टॅक्सची होती. हॅलिबर्टन वर्षभर खेळणार नाही म्हटल्यावर त्यांनी हात आखडता घेतला असेल, आणि तो व्यवहार मला कळतो. पण मिल्वॉकीने टर्नरला चार वर्षांसाठी सुमारे १० कोटी ७० लाख डॉलर द्यायला जागा कशी केली? टाचेच्याच दुखापतीने बसलेल्या डॅमियन लिलार्डला मोकळं करून, त्याचे उरलेले सुमारे ११ कोटी ३० लाख डॉलर पाच वर्षांवर पसरवून. म्हणजे न खेळणाऱ्या माणसाचा वर्षाला सव्वादोन कोटींचा बोजा घेतला, तेव्हा कुठे खेळणारा आला. हा हिशेब मी त्या पोराला दोनदा समजावला. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही.

आता ओक्लाहोमाची पाळी येईल. शे गिल्जस-अलेक्झांडर, जेलन विल्यम्स, चेट होल्मग्रेन, तिघांचेही नवे मोठे करार झालेत. या संघाची जुनी जखमही तुम्हाला माहीत आहे. २०१२ मध्ये ड्युरँट, वेस्टब्रुक आणि हार्डन या तिघांनी त्याला अंतिम मालिकेत नेलं आणि पुढचा हंगाम सुरू होण्याआधीच पैशाच्या घासाघिशीत हार्डन ह्यूस्टनला गेला. तेव्हा संघ मालकाच्या मर्जीने मोडला. आता नियमाने मोडेल.

म्हणून माझं एकच मागणं आहे. जो खेळाडू ड्राफ्टपासून किंवा निदान सलग सात वर्षं एकाच संघात आहे, त्याचा पगार त्याला पूर्ण मिळू द्या, पण कराच्या आणि एप्रनच्या हिशेबात त्याचा काही हिस्सा, समजा पाऊणच, मोजा. आज तुमचा ‘सुपरमॅक्स’ निष्ठेचं बक्षीस देतो, पण फक्त मूठभर बड्यांना, आणि त्याचा पूर्ण भार संघाच्या डोक्यावर टाकतो. माझ्या हिशेबात तेच बक्षीस टर्नरसारख्यालाही मिळेल. खेळाडूंचा एकूण वाटा ठरलेला असल्यामुळे लीगच्या खिशातून एक डॉलरही जास्त जाणार नाही. कुणी म्हणेल, यात गोल्डन स्टेटचा फायदा, कारण स्टीफन करी २००९ पासून तिथेच आहे. होऊ द्या! एक माणूस इतकी वर्षं एकाच जर्सीत खेळतो, हे बघायला तर लोक तिकीट काढतात.

खेळाडूंबरोबरचा करार २०२९-३० पर्यंत आहे, पण त्याच्या एक वर्ष आधी दोन्ही बाजूंना तो सोडता येतो. म्हणजे बोलणी फार लांब नाहीत. त्या टेबलावर मालकांचे वकील असतील, खेळाडूंच्या संघटनेचे असतील. आमच्यासारखे पहाटे साडेपाचला उठणारे तिथे नसतील, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

पोराचं सांगायचं राहिलं. परवा तो लहान मुलांना शिकवायला आला होता. तेहतीस नंबरची जर्सी होती अंगात, पण पाठीवरचं नाव त्याने ब्लेडने उसवून काढलं होतं. जुन्या टाक्यांची भोकं दिसत होती. मी पाहतोय हे बघून म्हणाला, ‘नंबर राहू दिला सर. तो लांबून मारायला शिकलो ना, म्हणून.’ मग जाळी नसलेल्या रिंगखाली त्याने मुलांना रांगेत उभं केलं आणि सगळ्यांत उंच मुलाला बाहेर काढून रेषेपलीकडे नेलं.

 

आपला,
वरळीच्या त्या तीन हजारांत अकरा मुलं घेऊन आलेला एक बास्केटबॉल शिक्षक

मुंबई, ऑक्टोबर २०२५