आंडोर की आंडेर? नवे साहेब बुचकळ्यात

बदलीवर आलेल्या तलाठी-डॉक्टरांची साक्री, शिंदखेड्यात पहिली फजिती होते ती बोलीत. अहिराणीत 'आंडोर' म्हणजे मुलगा, 'आंडेर' म्हणजे मुलगी. फरक एका कान्याचा, पण वारस नोंदीत तोच महागात पडू शकतो. दवाखान्यात आजी 'माले अठे दुखस' म्हणते, तेवढं बोटावरून कळतं. कधीपासून, कसं, हे विचारायला मात्र नातू मध्ये लागतो. तो शाळेत गेला की तपासणी अर्धवट. २०११च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे १८ लाखांवर होते. मराठीला २०२४मध्ये अभिजात दर्जा मिळाला, आनंदच आहे. पण रुजू होणाऱ्या साहेबाच्या हातात दोन पानांची अहिराणी शब्दयादी द्यायला कुठला दर्जा लागतो? उलट 'नीट मराठीत बोला' हे आजीलाच ऐकावं लागतं. मग ती दुखणंही निम्मंच सांगते.