आफ्रिकन स्वाइन फीव्हर : मदार वेळेवरच्या खबरीवर

शिवाजीनगर (बंगळुरू) : २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात प्रथम आढळलेला आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२२ मध्ये केरळच्या वायनाडपर्यंत पोहोचला. माणसाला तो होत नाही. डुकरे मात्र बहुधा वाचत नाहीत. शिवाजीनगरसारख्या हॉटेलबहुल भागांतील खरकटे हे वराहपालकांना परवडणारे खाद्य. त्यात बाधित मांसाचा तुकडा असला आणि ते न उकळता घातले, तर विषाणू थेट वराहगृहात शिरतो. राष्ट्रीय कृती आराखड्यानुसार बाधित ठिकाणापासून १ किलोमीटरच्या परिघातील डुकरे मारली जातात. भरपाई मिळते ती मारलेल्या जनावरांची, आजाराने मेलेल्यांची नव्हे. हिशेबाने लवकर खबर देणाऱ्याचाच फायदा आहे. पण शेजाऱ्यांचीही डुकरे त्याच परिघात येतात आणि खबर रेंगाळते ती तिथेच.